सात शेवट आणि एक फळी

आमच्या इंग्रजीच्या बाईंचा नियम एकच होता. वर्गात वाचून दाखवायचं वाक्य खरं असलं पाहिजे. व्याकरण चुकलं तर त्या हसून दुरुस्त करत, पण वाक्य खोटं निघालं तर खडू खाली ठेवून खिडकीबाहेर बघत बसत. वर्गातल्या औषधविक्रेत्याने पहिल्याच दिवशी ‘माझ्याकडे पांढरा घोडा आहे’ असं वाक्य केलं होतं. बाईंनी शांतपणे विचारलं, ‘‘कुठे बांधता?’’ तेव्हापासून घोडे बंद झाले आणि वर्ग पाठदुखी, बसची गर्दी आणि सासुरवाडीची माणसं यांवर आला.

हा वर्ग एका लाँड्रीच्या माडीवर भरायचा. खालच्या इस्त्र्यांची वाफ फळ्यांच्या फटींतून वर यायची आणि खोलीभर धुतलेल्या चादरींचा ऊबदार वास पसरायचा. संध्याकाळी ऑफिसातून दमून आलेला माणूस त्यात बसला की त्याचे डोळे आपोआप जड व्हायचे. मी काही इंग्रजी शिकायला गेलो नव्हतो. बायको जायला लागली, येताना रस्त्याला सोबत हवी म्हणून मी गेलो आणि मग मला त्या वाफेची चटक लागली.

बायको चष्म्याच्या दुकानात काचा बसवते. काच घासून घासून फ्रेमच्या खाचेत दाबली की टक असा बारीक आवाज होतो. तो झाला म्हणजे काम झालं, नाही झाला म्हणजे नाही झालं. मधलं काही नसतं. मी नकाशांच्या कचेरीत ट्रेसर आहे, म्हणजे जुन्या नकाशावर आरपार दिसणारा कागद ठेवून शाईने गिरवतो. आमच्याकडे सगळं मधलंच असतं. नदी गिरवायला घ्यावी, तर नकाशा होईपर्यंत ती काठ बदलते. मग पुन्हा मोजणी, पुन्हा नवा कागद. मी ज्या नदीवर नोकरीला लागलो तीच अजून चालू आहे. माझी काही तक्रार नाही. तिची वळणं फार सुंदर आहेत, आणि एखाद्या वळणावर पेन टेकवलं की दुपार कुठे जाते ते मला कळत नाही.

अशा दोन माणसांचा संसार चालू असलेल्या घरात, पुढच्या खोलीत, एक मोठी खिडकी आहे. तिच्यात बसायला छानशी बैठक करून देईन असं मी बायकोला कबूल केलं होतं. कधी, ते विचारू नका. फळ्या आणल्या होत्या हे मात्र कुणीही नाकारू शकणार नाही. त्या दाराआड उभ्या होत्या आणि आम्ही त्यांच्यावर छत्र्या अडकवत आलो होतो.

त्याच सुमारास बायकोच्या मालकांनी दुसऱ्या गावी शाखा काढायचं ठरवलं. काचा बसवण्याचं तिथलं सगळं काम तिच्या हाताखाली द्यायचं होतं. म्हणजे आठवडाभर तिकडे राहायचं आणि सुट्टीला घरी यायचं. तिने मालकांकडून विचाराला वेळ मागून घेतला आणि घरी येऊन मला विचारलं, ‘‘जाऊ का?’’ मी त्या वेळी एका ढगाचा किनारा मनातल्या मनात गिरवत होतो. ‘‘बघू,’’ म्हणालो. तिने मान हलवली आणि भाजी चिरायला घेतली.

तर एका संध्याकाळी बाईंनी फळ्यावर सात शब्द लिहिले. स्टॉप, एंड, फिनिश, कम्प्लीट, सीज, टर्मिनेट आणि कन्क्लूड. ‘‘तुम्हाला विचारलं तर सगळ्यांचा अर्थ एकच सांगाल, संपणं. पण हे सात जण एका घरात राहत नाहीत,’’ बाई म्हणाल्या. ‘‘बस स्टॉप होते आणि पुन्हा पुढे निघते. सीज हा जरा मानाचा शब्द आहे, तो मोठमोठ्या गोष्टींना शोभतो. टर्मिनेट कचेऱ्या करतात, तारीख घालून. कन्क्लूड म्हणजे नीट विचार करून, काहीतरी ठरवून आवरतं घेणं. आणि एंड...’’ बाई वाफेकडे बघत थांबल्या. ‘‘एंड सगळ्याच गोष्टींना असतो. पुरी झालेली असो की अर्धवट. आता स्वप्न बघा. स्वप्न एंड होतं. ते कुणी फिनिश करत नाही.’’

मला तर वाटलं, या बाई नकाशांच्या कचेरीत असत्या तर किती बरं झालं असतं. औषधविक्रेता झोपला होता.

बाईंनी सातही शब्दांवर एकेक खरं वाक्य पुढच्या आठवड्यात आणायला सांगितलं. इतक्यात बायकोने हात वर केला. ‘‘माझं एक आत्ताच तयार आहे,’’ ती म्हणाली आणि उभी राहून स्वच्छ आवाजात तिने ते सांगितलं. ‘‘आय हॅव स्टॉप्ड वेटिंग फॉर द विंडो सीट.’’

ज्यांना आपलं नाव इंग्रजीत सांगताना घाम फुटायचा त्यांनासुद्धा हे वाक्य कळलं. सगळा वर्ग माझ्याकडे वळला. औषधविक्रेता जागा झाला.

‘‘खरं आहे?’’ बाईंनी विचारलं.

‘‘हो, बाई.’’

‘‘स्टॉप्ड म्हणालात म्हणजे पुन्हा वाट बघायला लागाल, एवढी जागा त्यात राहते. तसंच म्हणायचंय ना?’’

बायकोने विचार केला. ‘‘पुढच्या आठवड्यात सांगते,’’ ती म्हणाली. ‘‘मालकांनाही तेव्हाच सांगायचंय.’’

परतताना ती कांद्याच्या भावाबद्दल बोलत होती. मी तिच्या बाजूने चालत होतो आणि माझे कान तापले होते. माणसाला बायकोने घरात चार शब्द सुनावले तर त्याची सवय असते. पण परक्या भाषेत, दुरुस्त करण्याजोगी एकही चूक न करता, हे फार झालं. शिवाय त्या कांद्याच्या गप्पा चालू असताना आतून मला भीती वाटत होती, खरीखुरी. घरी ती नसेल तर मी संध्याकाळी काय करीन ते मला दिसेना. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात रजा टाकली. खिडकीत बैठक झाली, ती तिच्यात बसली, की दुसऱ्या गावाला कशाला जाईल, असा माझा साधा हिशेब होता.

कोणतंही काम आराखड्याशिवाय सुरू करू नये हे आमच्या कचेरीचं पहिलं शिक्षण. मी आरपार कागदावर शाईने आराखडा काढला. उत्तर दिशेचा बाण काढला. खिडकीच्या उजव्या कोपऱ्यात भिंतीतून एक खांब बाहेर आलाय, त्याच्यासाठी फळीला जी खाच हवी ती अतिशय नाजूक तुटक रेषांनी दाखवली. वारा कुठून येतो, ऊन कुठवर पोचतं, ती बसेल तेव्हा तिचे पाय कुठे असतील, हेही. ती रजा आराखड्यातच गेली. पण कागद उजेडात धरला तेव्हा मला स्वतःलाच त्यात बसावंसं वाटलं.

मग रजा वाढवून भिंतीला आधाराचे तुकडे ठोकायला सुरुवात केली आणि खालच्या मजल्यावरचे साहेब वर आले. हे निवृत्त इंजिनियर. खिशात कायम ओळंबा बाळगतात आणि कुणाच्याही घरी गेले की आधी तो दोरीने सोडून भिंत सरळ आहे का बघतात. त्यामुळे बिल्डिंगमध्ये त्यांना पाठीमागे ओळंबाच म्हणतात. त्यांच्या हातात चहाचा कप होता आणि चहात छताचा पोपडा तरंगत होता.

‘‘काम सीज करा,’’ ते म्हणाले.

‘‘बाई म्हणतात की सीज मोठमोठ्या गोष्टींना...’’

‘‘ताबडतोब सीज करा!’’ त्यांनी ओळंबा सोडला. तो हलायचा थांबेपर्यंत आम्ही दोघे त्याच्याकडे बघत उभे राहिलो. मला ते बरं वाटलं. इतकं शांत आमच्या घरात क्वचित असतं. ‘‘तुमची भिंत झुकलीय,’’ शेवटी ते म्हणाले. ‘‘पण माझीही झुकलीय, म्हणजे खालून झुकत आलीय. तेव्हा तुमचा दोष नाही असं मी कन्क्लूड करतो.’’ मग त्यांचा राग गेला आणि सल्ल्यांना सुरुवात झाली, आणि ते रागापेक्षा जड गेले. फळी इतक्या रुंदीची नको, तितक्या रुंदीची हवी. खिळे नकोत, स्क्रू हवेत. आणि खिडकीखालून गेलेली ही जुनी टेलिफोनची वायर इथे कशी? बरोबर आधाराच्या जागी येते ती.

‘‘तोडून टाकू,’’ मी म्हणालो.

‘‘कंपनीची मालमत्ता आहे. आधी रीतसर कनेक्शन टर्मिनेट करा, मग तेच काढून नेतील.’’

मला इतका आनंद झाला की मी त्यांना नवा चहा दिला. बैठकीचं काम होणार आणि टर्मिनेटचं खरं वाक्यही मिळणार.

टेलिफोनच्या कचेरीत खिडकीमागे एक बाई होत्या. त्यांचा आवाज अंगाईसारखा मऊ होता आणि त्या आवाजात त्यांनी मला सांगितलं की माझं कनेक्शन टर्मिनेट करता येणार नाही, कारण ते चालू नाही.

‘‘चालू नाही म्हणूनच टर्मिनेट करायचंय,’’ मी म्हणालो.

‘‘चालू नाही म्हणजे तात्पुरतं थांबवलेलं आहे. थांबवलेलं कसं संपवणार? आधी चालू करायचं, मग संपवायचं.’’

‘‘संपवण्यासाठी चालू करायचं?’’

‘‘हो ना,’’ त्या गोड हसल्या. ‘‘माणूस येईल तुमच्याकडे.’’

मी बाहेर पायरीवर बसून यावर बराच वेळ विचार केला. तात्त्विकदृष्ट्या त्या बाईंचं बरोबर होतं. जे अर्धवट लोंबकळतंय त्याचा शेवट करता येत नाही, त्याला आधी पुन्हा हातात घ्यावं लागतं. एवढी गोष्ट मला फळ्यांच्या बाबतीत कुणी सांगितली नव्हती. विचाराच्या नादात माझी बस गेली.

टेलिफोनचा माणूस दुसऱ्या दिवशी आला. त्याने कपाटावरचा जुना फोन उतरवून पुसला, वायर जोडली, कानाला लावून ‘‘चालू झाला’’ म्हणाला आणि गेला. मी तोपर्यंत फळी कापली होती, खाच कोरली होती, आणि वरच्या बाजूला पॉलिशचे हात देऊन ती वाळवली होती. तिच्यात माझा चेहरा दिसत होता, मागे आकाश होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादी गोष्ट शेवटाला नेत होतो, आणि फळी उचलून मी ती खिडकीत ठेवली.

खांब उजवीकडे होता. खाच डावीकडे होती.

मी डोळे मिटले आणि पुन्हा उघडले. आराखडा आणला. आराखड्यात सगळं बरोबर होतं, फक्त कागद आरपार दिसणारा होता आणि कापताना मी तो पालथा ठेवला होता. दोन्हीकडून सारखाच सुंदर दिसत होता ना! उत्तरेचा बाणसुद्धा सरळ वर, त्यामुळे शंका यायला जागा नव्हती. ज्याने आयुष्यभर कागद पालथा पडू नये म्हणूनच पगार घेतला त्या माणसाने ही चूक केली होती.

ओळंबासाहेब आले, त्यांनी पाहिलं आणि कागद मागवून दोन आकृत्या काढल्या. एक उपाय खांब तासण्याचा होता आणि दुसरा खिडकी सरकवण्याचा. ‘‘विचार करा,’’ असं म्हणून ते जेवायला गेले. मी फळीशेजारी जमिनीवर बसलो. दुपार होती. पडदा आत येत होता आणि जात होता. आज संध्याकाळी बायको येईल, हे बघेल आणि काही बोलणार नाही, हे मला दिसत होतं, आणि ती काही बोलणार नाही याचंच मला रडू येत होतं.

तेवढ्यात फोन वाजला.

इतक्या वर्षांनी घरात तो आवाज घुमला तेव्हा मला आधी वाटलं की डुलकी लागलीय. मी उचलला. पलीकडे शांतता होती. मग एक म्हातारा आवाज दचकून म्हणाला, ‘‘अगबाई! कोण?’’

ती बायकोची मावशी होती. ‘‘जावईबापू? तुम्ही कसे काय उचललात?’’

‘‘तुम्ही लावलात म्हणून, मावशी.’’

‘‘मी नेहमीच लावते हो. भाचीशी मोबाइलवर बोलणं होतं, पण नंबर पाठ आहे तो हाच. दुपारी घरात कुणी नसलं की आपला फिरवते. पलीकडे एक मुलगी सांगते, ही सेवा तात्पुरती बंद आहे. गोड आवाज आहे तिचा. तात्पुरती म्हणते, ते ऐकून बरं वाटतं.’’ मग त्या थांबल्या. ‘‘तुमचा आवाज का असा येतोय? रडताय का?’’

मी नाही म्हणालो आणि मग सगळं सांगितलं. खिडकी, खांब, डावीकडची खाच, सगळं. मावशींनी ऐकून घेतलं.

‘‘मग उलटी करा की फळी,’’ त्या म्हणाल्या.

मी फोन हातात धरून फळीकडे बघत राहिलो. ती उलटी केली की खाच उजवीकडे येत होती.

‘‘मावशी,’’ मी म्हणालो, ‘‘पॉलिश खाली जाईल.’’

‘‘जाऊ दे. वर गादी घाला. आणि आता फोन ठेवू का? उद्या करते.’’

टर्मिनेटचं वाक्य तिथेच गेलं. उद्या करते म्हणणाऱ्या माणसाचा फोन मी कुठल्या तोंडाने तोडणार? मी आधाराच्या लाकडाला वायरपुरती एक लहानशी खोबण पाडली, वायर तिच्यातून जाऊ दिली, फळी उलटी केली आणि स्क्रू पिळले. फळी खांबाला गच्च लागून बसली. ओळंबासाहेब जेवून परत आले, जमिनीवर आडवे झाले, खालून बघितलं आणि म्हणाले, ‘‘वा! खालून तर फारच सुंदर झालीय. इतकी चकाचक बैठक मी खालून कधी पाहिली नाही.’’ ओळंबा मात्र त्यांनी खिशातच ठेवला, आणि हे मी त्यांचे उपकार समजतो.

संध्याकाळी बायको आली. तिने पर्स ठेवली आणि चपला काढायची राहूनच गेली. ती खिडकीपाशी गेली, हाताने गादी दाबून पाहिली आणि पाय वर घेऊन बसली. मी दाराशी उभा होतो. आता ती काय उणं काढते म्हणून मी तिच्या तोंडाकडे बघत होतो, पण ती कुठल्याही फटीकडे बघतच नव्हती. ती बाहेर बघत होती, घरांच्या गच्च्यांवरून पलीकडे, जिथे उजेड पातळ होत जातो तिथे. मी चहा केला, तो गार झाला, पुन्हा गरम केला.

‘‘मला वाटायचं तुला वाचायला जागा हवीय,’’ मी म्हणालो.

‘‘दिवसभर सगळं हाताएवढ्या अंतरावर असतं हो,’’ ती म्हणाली. ‘‘दुसऱ्यांच्या काचा, दुसऱ्यांचे डोळे. लांब बघायचं होतं मला, एवढंच.’’ मग तिने कप हातात घेतला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, ‘‘जाऊ का?’’

माझ्या तोंडात ‘बघू’ हा शब्द तयार होता. तो नेहमीच तयार असतो. पण ती इतकी छान दिसत होती, लांब बघताना, की मला खोटं बोलवेना. तिला जायचं होतं. इतके दिवस ते तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं आणि मी ढग गिरवत बसलो होतो.

‘‘जा,’’ मी म्हणालो.

पुढच्या वर्गात खालून नेहमीपेक्षा जास्त वाफ येत होती. कुठल्याशा मोठ्या घरचे पडदे आले होते म्हणे. बायकोने कन्क्लूडचं वाक्य वाचलं. सगळा विचार करून तिने जायचं ठरवलं आहे, असं ते होतं. बाईंनी ते खरं मानलं. औषधविक्रेत्याने त्याचा खोकला एंड झाल्याचं सांगितलं आणि लगेच खोकला. मग माझी पाळी आली. माझ्याकडे सातांपैकी दोनच शब्द होते, तेही एकाच वाक्याच्या मागेपुढे.

‘‘आय हॅव फिनिश्ड द विंडो सीट,’’ मी वाचलं. ‘‘इट इज नॉट कम्प्लीट.’’

बाईंनी चष्मा वर केला. ‘‘दोन्ही कसं? फिनिश केलीत ना?’’

‘‘हो, बाई. माझं काम झालं. पण ती पुरी नाही.’’

‘‘काय उणं आहे तिच्यात?’’

मी उत्तर तयार करून आणलं होतं. पॉलिश खाली गेलं, फळी वर खरबरीत राहिली, वायरसाठी खोबण पाडावी लागली, असं सगळं. तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर आलं. ‘‘बसणारं माणूस सोमवारपासून परगावी असणार,’’ मी म्हणालो.

बाई खिडकीबाहेर बघतील म्हणून मी वाट पाहिली. त्या माझ्याकडेच बघत राहिल्या.

‘‘खरं आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘बसा.’’

मी बसलो. माझ्या शेजारी बायको वहीत मान घालून काहीतरी लिहीत होती, निदान पेन चालत होतं. खालून लाँड्रीवाल्याने काठीने छत ठोकलं आणि वर्ग सुटला.

रस्त्यावर दिवे लागले होते. कपड्यांना लागलेला चादरींचा वास आमच्याबरोबर येत होता. निम्मं अंतर चालून झालं. मग ती म्हणाली, ‘‘तिकडे जी खोली देणार आहेत ना, तिला खिडकी आहे म्हणे. मोठी. पण नुसतीच आहे.’’

मी तिच्याकडे पाहिलं. ती समोर बघत चालत होती.

‘‘माप घ्यायला याल?’’ तिने विचारलं.

‘‘येईन की.’’

ती थांबली. माझा हात धरून तिने मलाही थांबवलं. ‘‘कधी?’’

‘‘बुधवारी,’’ मी म्हणालो. ‘‘पहिल्या बसने.’’